'पुस्तक छापल्यावर पैसे देऊ'

«ताई, मी 24 वर्षांची. ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) झालंय. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात राहूनच टॅबवर चित्रं काढते. टॅब बाबांनी धान विकून घेऊन दिला. पुण्याच्या एका प्रकाशनाचं लहान मुलांचं पुस्तक मिळालं. 12 चित्रं, 9000 रुपये, सगळं फोनवरच ठरलं. एका चित्राला दोन दिवस लागतात आणि बदलांत आणखी एक जातो. मॅडमना आवडतं, मग त्यांच्या सरांना आवडत नाही. मी धानाच्या बांध्या काढल्या तर म्हणाले, 'गाव वाटत नाही, झोपडी आणि विहीर दाखवा.' सहा चित्रं झालीत. आता ओपन फाइल मागतायत, पैसे पुस्तक छापल्यावर म्हणतायत. रेंज नसते, फोन लागत नाही म्हणून चिडतात ते वेगळंच.

इकडे मागच्या हंगामात वडशाच्या एका नाटक कंपनीचं पोस्टर केलं. मालक बाबांच्या ओळखीचे. 'चार रेघा तं मारल्या पोरीनं, त्याचे काय एवढे पैसे,' म्हणत अर्धेच दिले, आणि यंदा तेच चित्र दुसऱ्या नाटकाच्या फ्लेक्सवर लावलं. मामा म्हणतो माझ्या मित्राच्या पोराची लग्नपत्रिका करून दे. आई म्हणते त्यापेक्षा शिवणकाम शिक. अॅडव्हान्स मागितला तर काम हातचं जाईल का? की हे बंदच करू?»

बंद करायचं की नाही ते नंतर बघू. आधी सातवं चित्र थांबव. आजच.

रागावून नको, आणि फोन बंद करून तर मुळीच नको. काम बरोबर निम्म्यावर आलंय, बोलायला याहून बरी वेळ मिळायची नाही. बाराच्या बारा चित्रं एकदा त्यांच्याकडे गेली की तुझ्या हातात उरतं काय? 'मॅडम, पेमेंटचं बघा ना' असे मेसेज टाकत बसायचं. पुस्तक लांबायला शंभर कारणं असतात. लेखकाच्या दुरुस्त्या येतात, कागद महागतो, शाळांची ऑर्डर पुढे जाते, सरांचं मन बदलतं. यातल्या एकाही गोष्टीवर तुझा ताबा नाही. लेखकाला रॉयल्टी विक्रीवर मिळते, म्हणून तो थांबतो. तुला विक्रीत वाटा कुणी देऊ केलेला नाही, मग थांबायचं कशासाठी?

आता तुझाच हिशोब तुझ्यापुढे मांडते. 9000 भागिले 12, म्हणजे चित्राला 750. एका चित्राला बदलांसकट तीन दिवस, म्हणजे दिवसाला 250 रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 या वर्षासाठी दिवसाला 312 रुपये होता. आणि तिथे टॅब, पेन, नेटपॅक आपल्या पदरचं न्यावं लागत नाही. हे तुला हिणवायला सांगत नाहीये. 750 हा आकडा ऐकताना बरा वाटतो, म्हणून त्याला दिवसांनी भागून बघायची सवय लाव, एवढंच. पुढच्या वेळी कुणी रक्कम सांगितली की लगेच 'हो' म्हणायचं नाही. 'उद्या सकाळी सांगते' म्हणायचं आणि कागदावर मांडायचं: किती दिवस, टॅबची झीज किती, नेट किती, महिन्यातले किती दिवस काम नसतंच.

प्रकाशकाने तुला फसवायचंच ठरवलं होतं, असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. फोनवर तुमच्यात दोनच आकडे ठरले, 12 आणि 9000. बदल किती वेळा, होकार कुणाचा, पैसे कधी, फाइल कोणती, चित्रं आणखी कुठे वापरणार, यातलं काही बोलणंच झालं नाही. तू ठरवलं नाहीस म्हणून ते आपल्या सोयीने ठरवत गेले. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

म्हणून आता लिहून कळव. मेसेज असा जाऊ दे:

'नमस्कार मॅडम. 12 पैकी 6 चित्रं रंगवून पाठवली आहेत. चित्र 3 आणि 5 मधले तुम्ही शेवटचे सांगितलेले बदल करून देते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. उरलेल्या 6 चित्रांसाठी अशी पद्धत ठेवू: आधी कच्चं रेखाटन, त्यात दोनदा बदल. रेखाटनाला होकार आला की रंग, आणि रंगात एकदा किरकोळ दुरुस्ती. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचे 300 रुपये. शेवटचा होकार तुमचा की सरांचा, तेवढं कळवा. झालेल्या 6 चित्रांचे 4500 रुपयांचं बिल सोबत आहे. रक्कम जमा झाली की सातव्याचं रेखाटन पाठवते.'

चित्रांचे नंबर आणि बदलाचा दर तुझे तू घाल, बाकी मजकुराला फार हात लावू नकोस. विशेषतः 'राग मानू नका', 'लहान तोंडी मोठा घास', 'घरी जरा अडचण आहे' असलं काही घालू नको. घरची अडचण सांगितली की ते पैसे तुझ्या कामाचे राहत नाहीत, मदत केल्यासारखे होतात, आणि मदत कधीही पुढे ढकलता येते.

यात कच्च्या रेखाटनाचा टप्पा का घातला ते नीट समजून घे, कारण तुझे दिवस तिथेच वाचणार आहेत. बाई डावीकडे हवी की उजवीकडे, गाय हवी की शेळी, हे पेन्सिलच्या रेघेत बदलायला दहा मिनिटं लागतात. रंग, सावल्या, लुगड्याचे काठ सगळं झाल्यावर तीच शेळी काढायला अख्खी दुपार जाते. तू थेट रंगवलेलं चित्र पाठवतेस, ते आवडावं म्हणून छान सजवून पाठवतेस, आणि बदलांची सुरुवात तिथून होते. मुलांच्या पुस्तकात तर त्याच्याही आधी एक पान करायचं. गोष्टीतली पोरगी समोरून, बाजूने, पाठमोरी कशी दिसते, तिची वेणी, तिचा फ्रॉक, तिची उंची आजीच्या कुठवर येते. हे पान पाठवून 'हीच मुलगी ना?' असं विचारायचं आणि 'हो' हे उत्तर लेखी घ्यायचं. व्हॉट्सॲपवरचं 'ओके'सुद्धा चालतं. पुढे सर उगवले आणि त्यांना वेणीऐवजी बॉबकट हवा असला, तर तो त्यांचा आणि मॅडमचा प्रश्न, आणि त्याचा दर ठरलेला.

मात्र एक फरक पाळ. कथेत चार बकऱ्या आहेत आणि तू तीन काढल्यास, तर ती तुझी चूक. ती मुकाट्याने आणि फुकट दुरुस्त करायची, नियम दाखवायचे नाहीत. त्यांचं मन बदललं तर तो बदल, आणि तो मोजायचा. या दोन्हींत गल्लत केलीस तर तुझ्या नियमांना कुणी विचारणार नाही.

आता ते झोपडी आणि विहिरीचं. पत्रातला हा भाग वाचून मला हसूही आलं आणि वैतागही. पुण्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यातलं गाव म्हणजे एक झोपडी, एक विहीर, मागे डोंगर आणि बैलगाडी. त्याने बांध्या बघितलेल्याच नाहीत. धुऱ्यांनी आखलेले पाण्याचे चौकोन, त्यात वाकून रोवणी करणाऱ्या बायकांची रांग, कडेला पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, मागे मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ. हे त्याला गाव न वाटणं साहजिक आहे. इथे 'बरं' म्हणून झोपडी काढायला बसू नको आणि भांडूही नको. मोबाइलवर तुझ्याच शेताचे, घराचे चार फोटो काढ, रेखाटनासोबत पाठव आणि लिही: 'गोष्ट धानाच्या शेतीची आहे, तो भाग असा दिसतो. भंडारा-गोंदियाकडची मुलं हे पुस्तक वाचतील तेव्हा त्यांना आपलं गाव ओळखू येईल.' इतकं सांगूनही झोपडीच हवी म्हणाले तर काढून दे, पुस्तक त्यांचं आहे. पण पुष्कळदा फोटो बघितल्यावर माणसं ऐकतात. आणि 'एआयवर फुकट होतं' म्हणणारं कुणी भेटलं तर त्यांना खुशाल तिकडे जाऊ दे. तिथे त्यांना झोपडी, विहीर, डोंगर आणि बैलगाडी सगळं मिळेल.

ओपन फाइल, म्हणजे सगळे थर सुटे असलेली फाइल, देऊ नकोस. छपाईला ती लागत नाही. 300 डीपीआयची, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या, रंगातली, चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड) सोडलेली टिफ किंवा पीडीएफ पुरते. 'ओपन फाइल कशासाठी हवी?' एवढं विचार. मजकूर हलवायचा असेल तर मजकुराची जागा तूच मोकळी ठेवून दे. त्यातली पोरगी उचलून दुसऱ्या पुस्तकात, कॅलेंडरवर, वह्यांच्या वेष्टनावर वापरायची असेल, तर तो वेगळा वापर झाला आणि त्याची रक्कम वेगळी.

इथे थोडा कायदा सांगते, कारण 'पैसे दिले म्हणजे चित्र आमचं' हे तुला आयुष्यभर ऐकावं लागणार आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. तू कुणाची नोकर नसशील तर साधारणपणे चित्राची पहिली मालक तूच. पण त्याच कायद्यात एक मेख आहे. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा धरला जातो. टॅबवर काढलेलं पुस्तकातलं चित्र 'पेंटिंग'मध्ये बसतं की नाही, यावर वकील हवे तेवढे भांडोत. तू बिलावर एक ओळ लिहून मोकळी हो: 'ही चित्रं फक्त या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीसाठी, बाकी सर्व हक्क चित्रकाराकडे.' काम सुरू होण्याआधी त्यावर त्यांचा लेखी होकार घे. पुढे कुणाला सगळे हक्क विकायची वेळ आली तर तेही लेखी आणि सहीनिशीच होतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकले तरी 'हे चित्र माझं' म्हणायचा तुझा अधिकार शाबूत राहतो. तेव्हा पुस्तकात चित्रकार म्हणून तुझं नाव कुठल्या पानावर येणार, ते आत्ताच विचारून ठेव.

पैसे वेळेवर यावेत म्हणून आणखी एक काम कर, अर्ध्या तासाचं आहे. सरकारच्या उद्यम पोर्टलवर छोटा उद्योग म्हणून नोंदणी कर. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. तालुक्याला कुणी हजार-दोन हजार सांगितले तर उठून ये. 2006 च्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं, आणि ही मुदत 45 दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकरातही याला दुजोरा दिला: असं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर पैसे देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च म्हणून वजा करता येत नाही. यासाठी तक्रार करायची परिषद आहे, पण 4500 रुपयांसाठी तिथवर जावं असं मी सांगणार नाही. बिलाच्या डोक्यावर उद्यमचा नंबर आणि खाली '15 दिवसांत देय' एवढं छापलं की त्यांचा हिशेबनीस ते बिल बाजूला ठेवताना दोनदा विचार करतो. आमच्यातल्या कित्येक चित्रकारांनी हे अजून केलेलं नाही. का, ते देव जाणे.

रेंजचं लपवू नको. नागपूरला राहते असं भासवणारी मुलं मी बघितली आहेत. पहिलाच व्हिडिओ कॉल तुटला की उघडं पडतं. सुरुवातीलाच सांगायचं: 'मी गावात राहते. सकाळी 8 ते 10 फोन लागतो, बाकी वेळ मेसेज करा, त्याच दिवशी उत्तर देते. मोठ्या फाइल रात्री जातात.' आणि मग तेवढं काटेकोर पाळायचं. फोनवर काहीही बोलणं झालं की पाच मिनिटांत 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' असं लिहून दोन ओळी पाठवायच्या. फोनवरचं बोलणं आठवड्याने दोघांनाही वेगवेगळं आठवतं. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून कधीच टाकू नको, डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर ती दाबली जाऊन बारीक होते आणि छपाईत फाटते. आणि कुणी 'तुम्हाला तिकडे खर्च कमी' म्हणत दर पाडायला लागलं तर त्यांना विचार, टॅब लाखांदूरला स्वस्त मिळतो का?

आता वडसा. इथे पुण्याचा मेसेज चालायचा नाही. नाटक कंपनीच्या मालकाला 'रेखाटनात दोनदा बदल' असं लिहून पाठवलंस तर ते तो मेसेज बाबांना दाखवून हसतील. त्यांची रीत वेगळी आहे, पण व्यवहार त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की पार होळीपर्यंत झाडीपट्टीत, आपल्या पूर्व विदर्भात, रात्र-रात्र नाटकं चालतात. गावाला तारीख देताना कंपनी आगाऊ रक्कम घेतेच ना? बैलजोडीचा सौदासुद्धा इसाराशिवाय होत नाही, हे त्यांना माहीत आहे. मग पोस्टरलाही इसार मागायचा, अगदी त्याच शब्दात: 'काका, इसार देऊन जा, आज बसते.' नटनट्यांचे फोटो आणि निम्मी रक्कम एकाच वेळी घ्यायची. उरलेली रक्कम मोठी फाइल देताना. तोवर फक्त लहान, आडवं नाव टाकलेलं चित्र फोनवर दाखवायचं. फ्लेक्सवाल्याला फाइल तू स्वतः पाठव, मालकाच्या मुलाच्या पेनड्राइव्हमधून जाऊ देऊ नको.

आणि पैशाचं बोलणं तूच कर. बाबा मध्ये आले की ती दोन जुन्या ओळखीच्या माणसांची गोष्ट होते, आणि ओळखीत बाबा तुझे पैसे सोडून देतील. त्यांना आधीच सांगून ठेव: 'कुणी विचारलं तर पोरीलाच विचारा म्हणा.'

चित्र दुसऱ्या नाटकावर लावलं ते गैरच आहे. पण मागच्या वर्षी काही लिहिलं नव्हतं, आणि वडशात फ्लेक्सवरून भांडण काढून तू बाकी कंपन्यांचीही दारं बंद करून घेशील. माझं मत विचारशील तर यंदाचं सोडून दे, पण सांगून सोडून दे. 'काका, ते चित्र एका नाटकापुरतं होतं. दुसऱ्याला लावलंत तर लावलंत, पण पुढे नवीन नाटकाला लावायचं तर निम्मे पैसे.' हे हसत म्हणता येतं. पुढच्या प्रत्येक पावतीवर नाटकाचं नाव आणि 'एक हंगाम' असं लिही. त्यांना पोस्टर दसऱ्याच्या आसपास, दोन दिवसांत हवं असतं. तेव्हा भाद्रपदातच तूच फोन कर आणि दर सांगून ठेव. घाईच्या वेळी दर ठरवायला बसलीस तर हरशील.

मामाच्या मित्राच्या मुलाची पत्रिका? नाही. मामेबहिणीचं लग्न असेल तर पत्रिका हौसेने कर, आहेर म्हणून दे, कुणी मागायच्या आधी दे. मामाच्या मित्राला दर सांग. मामा फुगला तर दोन दिवस फुगेल.

आईशी वाद घालू नको. शिवणकाम शिकायला हरकत काय आहे, उलट फ्रॉकची चुण काढायला उपयोगी पडेल. पण घरात एक वही ठेव आणि तिच्यात तारीख, काम, ठरलेले पैसे, आलेले पैसे लिहीत जा. आईला तुझं काम म्हणजे फोनवर बसणं दिसतं, कारण पैसे कधी येतात तेच तिला दिसत नाही. शक्यतो पैसे बँकेत घे, रोख आले तरी वहीत मांड. एखाद्या संस्थेने वर्षाला 50 हजारांवर काम दिलं तर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापून देतील. घाबरायचं नाही, तो तुझ्या पॅनवर जमा होतो आणि उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो.

राहिला तुझा खरा प्रश्न: अॅडव्हान्स मागितला तर काम जाईल का? काही कामं जातील. जी जातील त्यातली बरीचशी दिवसाला 250 वालीच असतील. पुण्याच्या मॅडम पैसे देतील असा माझा अंदाज आहे. सहा चित्रं एका हाताची आणि सहा दुसऱ्या हाताची, असं पुस्तक कुणालाच नको असतं. त्या नाहीच म्हणाल्या तर लिहून कळव: 'मग काम इथेच थांबवू. झालेल्या 6 चित्रांचे पैसे आल्याशिवाय ती छापू नयेत.' सहा चित्रांच्या मोठ्या फाइल अजून तुझ्याचकडे असतील तर फारच चांगलं. नसतील, तर निदान ओपन फाइल तरी हातची सोडू नकोस. बंद करण्याचा विचार एक हंगाम थांबव. दिवाळी ते होळी, चार पोस्टरं इसार घेऊन कर, वही भर, आणि मग दिवसाचा आकडा काढून मला लिही.

ता. क. बिलात काय लिहायचं असं पत्राच्या मागच्या बाजूला विचारलंयस. तुझं नाव-गाव, पॅन, उद्यम नंबर, बिलाचा नंबर आणि तारीख, कामाचं नाव, चित्रं किती, दर, एकूण, वापर कुठे, किती दिवसांत देय, बँक खातं आणि आयएफएससी. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची ओळ लागत नाही. आणि बिलाचा नंबर 1 पासून सुरू करू नको, 101 पासून कर.